अमेरिकन साहित्यावर पीएच.डी. करताय? आधी तुमचा स्वतःचा प्रश्न शोधा

एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर झालाय, पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) निघालीय आणि आता आरआरसीसमोर, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या समितीसमोर, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) घेऊन जायचंय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. व्हिटमन कोण, ट्रान्सेंडेंटलिझम म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल सविस्तर बोलायचंय. तिने माझं सुरुवातीचं बरंच काम वाया घालवलं आणि आजही चॅप्टर लिहिताना ती मला मधेच अडवते. ती गोष्ट म्हणजे 'अमेरिकन ड्रीम'.

आपल्याकडे हा शब्द फार लवकर हाती येतो. प्रश्नपत्रिकेत तो असतो, बाजारातल्या गाइडमध्ये त्यावरचं तयार उत्तर असतं, आणि नात्यातलं कुणी ना कुणी न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला असल्यामुळे त्याचा एक नमुनाही डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे कादंबरी उघडण्याआधीच अमेरिका आपल्या मनात पक्की झालेली असते: कष्ट करणारा वर जातो असं सांगणारा देश, आणि ते खोटं ठरवणारं साहित्य. मग हातात 'द ग्रेट गॅट्सबी' असो, 'डेथ ऑफ अ सेल्समन' असो नाहीतर स्टाइनबेक असो, आपण तेच शोधतो आणि तेच सापडतं. उत्तर बरोबर येतं, मार्क पडतात. म्हणूनच यातून बाहेर पडायला इतका वेळ लागतो. आपलं काही बिघडलंय असं कुणी सांगतच नाही.

गॅट्सबीचंच घ्या. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ही कादंबरी आली एप्रिल १९२५ मध्ये. 'अमेरिकन ड्रीम' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसवला तो जेम्स ट्रस्लो अॅडम्स या इतिहासकाराने, १९३१ च्या 'द एपिक ऑफ अमेरिका' या पुस्तकातून, महामंदीत सगळा देश हवालदिल झालेला असताना. कादंबरीत तो शब्दप्रयोग एकदाही येत नाही. डिसेंबर १९४० मध्ये फिट्झजेराल्ड वारला तेव्हा दुसऱ्या छपाईच्या न खपलेल्या प्रती गोदामात पडून होत्या. पुढे महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायच्या पुस्तकांमध्ये या कादंबरीची निवड झाली, सुमारे दीड लाख प्रती फौजेत गेल्या, आणि युद्धानंतर कॉलेजांच्या अभ्यासक्रमांत तिने जागा पटकावली. म्हणजे आपण जिला अमेरिकन ड्रीमची कादंबरी म्हणून शिकतो, ती तशी झाली लिहून झाल्यावर कितीतरी वर्षांनी, वेगळ्या काळातल्या वाचकांच्या गरजेतून. ते वाचन चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ते त्या एका काळाचं वाचन आहे, आणि आपण ते पुस्तकाचा कायमचा अर्थ म्हणून पाठ करतो.

पाठ केल्यावर काय दिसेनासं होतं, ते आता बघा. पहिल्याच प्रकरणात जेवणाच्या टेबलावर टॉम ब्यूकॅनन, गॅट्सबीचा श्रीमंत प्रतिस्पर्धी, एका पुस्तकाबद्दल तावातावाने बोलतो: गोऱ्या वंशाने वेळीच सावध व्हायला हवं, नाहीतर बाकीचे वंश त्याला गिळतील. माझ्या एम.ए.च्या नोट्समध्ये या प्रसंगासमोर 'टॉमचा उर्मटपणा' एवढंच लिहिलेलं आहे. वर्गातही आम्ही तिथून झटकन पुढे गेलो, कारण गॅट्सबीच्या स्वप्नाची खूण म्हणून शिकवल्या जाणाऱ्या हिरव्या दिव्यापर्यंत पोचायचं होतं. पण टॉमचं पुस्तक काही हवेतून आलेलं नव्हतं. लोथ्रॉप स्टोडार्डचं याच धर्तीचं 'द रायझिंग टाइड ऑफ कलर' हे पुस्तक १९२० मध्ये निघालं होतं. कादंबरी घडते १९२२ च्या उन्हाळ्यात. फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या शीख माणसाला नागरिकत्व नाकारलं, कारण कायद्याच्या भाषेत तो 'गोरा' ठरत नव्हता. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्याच सैन्यात होता, तरीही. १९२४ च्या कायद्याने आशियातून येऊन स्थायिक होणाऱ्यांना दार जवळजवळ बंद केलं. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळायला १९४६ उजाडावं लागलं. आता टॉमचं ते बोलणं पुन्हा वाचा. तो ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांत आपण आहोत. गॅट्सबीला तो 'कुठूनसा उपटलेला' म्हणून हिणवतो तेव्हा त्यालाही हाच वास आहे. स्वप्नभंगाच्या चौकटीतून वाचणाऱ्याला हे सगळं मागच्या पडद्यासारखं वाटतं. भारतीय वाचकाला ते समोर दिसायला हवं होतं, आणि आपणच ते झाकून ठेवतो, हे मला अजून लागतं.

आणखी एक. ही कादंबरी 'अमेरिके'ची म्हणून आपण वाचतो, पण शेवटाकडे गोष्ट सांगणारा निक स्पष्ट म्हणतो की ही गोष्ट खरं तर पश्चिमेकडच्या माणसांची आहे. गॅट्सबी नॉर्थ डकोटाचा, निक आणि टॉमही मिडवेस्टकडचे, आणि पूर्वेत त्यांचा जीव रमत नाही. एवढ्या मोठ्या देशाला एकच चेहरा नसतो. फॉकनर घेतलात तर मिसिसिपीचा नकाशा समोर ठेवा, स्टाइनबेक घेतलात तर कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांची परिस्थिती आधी समजून घ्या. एवढं केलं तरी निम्मी गाइडं निरुपयोगी होतात.

अमेरिकेकडे बाहेरून बघणाऱ्यांबद्दल थोडं सांगते, कारण आपणही त्यांच्यातलेच. अलेक्सी द तोकव्हिल १८३१ मध्ये फ्रान्सहून आला तो कागदोपत्री तुरुंगांची पाहणी करायला. त्याच्या डोक्यात घोळत होता तो फ्रान्सचाच प्रश्न: समता येणारच असेल तर स्वातंत्र्य टिकेल कसं? चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये गेला आणि भाषणांतून कॉपीराइटबद्दल बोलत राहिला, कारण तिथले प्रकाशक त्याची पुस्तकं पैसे न देता छापत होते. हे १८९१ पर्यंत चाललं. त्याचा फटका अमेरिकन लेखकांनाही बसत होता. इंग्रजी कादंबरी फुकट छापता येत असेल तर गावच्या लेखकाला मानधन कोण देणार? 'अमेरिकन पुस्तक वाचतं कोण' असा सवाल सिडनी स्मिथ या इंग्रज लेखकाने १८२० मध्ये एडिंबराच्या नियतकालिकात केला होता. त्याचं थोडं उत्तर या हिशेबात आहे.

आणि जे 'राष्ट्रीय साहित्य' आपण देवघरातल्या मूर्तीसारखं जपतो, ते घडवण्यात बाहेरच्यांचा हात मोठा आहे. हर्मन मेलव्हिलचं 'मोबी डिक' १८५१ मध्ये आधी लंडनला छापून आलं, मग न्यूयॉर्कला. मेलव्हिलने पुढे न्यूयॉर्कच्या कस्टम्समध्ये नोकरी केली आणि १८९१ मध्ये तो वारला तेव्हा लोक त्याला विसरले होते. १९२० च्या दशकात त्याला परत वर आणलं गेलं, त्यात डी. एच. लॉरेन्स या इंग्रजाचं १९२३ चं पुस्तक महत्त्वाचं. एडगर अॅलन पो युरोपात मोठा झाला तो बोदलेअर या कवीच्या फ्रेंच अनुवादांमुळे. फॉकनरची जवळजवळ सगळी पुस्तकं १९४५ च्या सुमाराला अमेरिकेत छापली जात नव्हती, तेव्हा फ्रेंच लेखक-वाचक त्याला डोक्यावर घेत होते. इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन ही पाच नावं एकत्र बांधणारा एफ. ओ. मॅथिसनचा ग्रंथ तर १९४१ चा. आपल्या विद्यापीठांत हा विषय रुजला त्यालाही शीतयुद्धाची पार्श्वभूमी आहे. १९५० मध्ये भारत आणि अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्त्यांचा करार झाला, १९६४ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं, आणि आपल्या सरांच्या सरांची पिढी तिथल्या ग्रंथालयात बसून तयार झाली. त्यांचे उपकार आहेत. पण आपल्या हातातली यादी कुणी, कधी, कशासाठी केली हे न विचारता तिच्यावर प्रबंध लिहू नका.

या साऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. मराठी माणसाकडे अमेरिकेकडे बघण्याची स्वतःची जुनी परंपरा आहे आणि ती इंग्रजी विभागांत कुणी सांगत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. ते कधी तिकडे गेले नव्हते. शूद्रातिशूद्रांची सुटका हा त्यांचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नातून त्यांनी अमेरिका पाहिली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या, आणि परतल्यावर १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं. बायकांचं शिक्षण, त्यांच्या संस्था यांचं त्या मनापासून कौतुक करतात, आणि काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही नजरेआड करत नाहीत. हे पुस्तक सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचाच. बाहेरच्या माणसाने कसं बघावं, याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

इथे एक कडक सूचना. 'दलित आणि आफ्रिकन-अमेरिकन आत्मकथनांचा तुलनात्मक अभ्यास' असा विषय घेऊन जाऊ नका. दोन याद्या, दोन्हीकडे वेदना-विद्रोह, शेवटी साम्यस्थळं आणि भेद: असे प्रबंध शेल्फावर भरपूर आहेत. विषय मात्र खरा आहे, आणि तो आपलाच आहे. फक्त धागा नेमका धरा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहून, काळ्या अमेरिकनांतर्फे संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेचं नाव घेऊन. कोणतं पुस्तक कुणाच्या हातात कधी पडलं, मासिकांत कोणते अनुवाद छापले गेले, यातला एक दुवा घेऊन त्याच्या मागे लागा. जुने अंक चाळण्याचे कष्ट आहेत, पण तिथे तुमच्याइतकी सोय अमेरिकेतल्या विद्यार्थ्यालाही नाही. मराठी वाचता येतं ही तुमची जमेची बाजू आहे.

पीएच.डी.च्या गाइडबद्दल, म्हणजे मार्गदर्शकाबद्दल, माझं मत ठाम आहे. तयार विषय हातावर ठेवणारे आणि 'तीन वर्षांत मोकळं करतो' म्हणणारे मार्गदर्शक टाळा. नाव मोठं नसलं तरी चालेल, पण तुमचं पान पेनने खरडून परत देणारा माणूस हवा. माझं लेखन ज्यांनी पहिल्यांदा असं लाल करून दिलं त्यांचा मला तेव्हा राग आला होता, आता त्यांच्याशिवाय चॅप्टर पुढे सरकत नाही. सारांशाच्या साइट्स आणि एआयने काढून दिलेले मुद्दे यांच्याबद्दलही तेच: परीक्षेच्या आदल्या रात्री ठीक, संशोधनात घातक. त्या मुद्द्यांमध्ये अमेरिका आधीच ठरलेली असते.

इंग्रजी कच्चं आहे, मराठी माध्यमातून आलोय, अशी भीती असेल तर ती बाजूला ठेवा. वाचनाचा वेग वाढतो, मलाही वाढवावा लागला. दिवसाला थोडी पानं, पण मूळ पुस्तकाची. गॅट्सबी १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत कॉपीराइटमुक्त झाली आहे, जुन्यापैकी बहुतेक पुस्तकं प्रोजेक्ट गटेनबर्गवर फुकट मिळतात. पुस्तक हातात घेतलं की तीन गोष्टी वहीत लिहा: पहिल्यांदा कुठे छापलं, त्या वर्षी कोणते कायदे नि भांडणं चालू होती, आणि ते 'महत्त्वाचं' कधी ठरलं. त्याखाली तुमचा प्रश्न मराठीत लिहा. मराठीत एका वाक्यात मांडता येत नसेल तर तो अजून तुमचा झालेला नाही, इंग्रजीत कितीही छान दिसो. मग भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ठेवणाऱ्या शोधगंगा या साइटवर जाऊन त्याच लेखकावरचे आपल्याकडचे प्रबंध उघडा आणि फक्त अनुक्रमणिका वाचा. तुमचा प्रश्न तिथे नसेल तर सिनॉप्सिसचं पहिलं पान लिहायला घ्या, असेल तर त्या प्रबंधाचं ते प्रकरण पूर्ण वाचून त्यात काय राहिलंय ते बघा.