तोंडी सांगितलं म्हणजे कळवलं, असं होत नाही

विश्रामबागेतल्या अभ्यासिकांमध्ये आता एटीसीच्या (एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजे विमानांची वाहतूक नियंत्रित करायच्या) जागांची तयारी करणारी मुलं-मुली बरीच दिसतात. कुणी विलिंग्डनमधून फिजिक्स घेऊन बीएस्सी केलेलं, कुणी वालचंदमधून इंजिनीअर झालेलं. सुट्टीत सांगलीला आलो की ही मंडळी कट-ऑफ विचारतात, व्हॉइस टेस्टला काय वाचायला देतात ते विचारतात. त्याची माहिती आता तुमच्याकडेच माझ्यापेक्षा जास्त आहे. मला बोलायचंय ते प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाचं ट्रेनिंग संपवून तुम्ही पहिल्या पोस्टिंगवर हेडसेट लावाल, त्यानंतरचं. आणि तेही एकाच गोष्टीबद्दल: काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, तर ते लिहून कळवणं.

ॲनेक्स १९ (सुरक्षा व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय नियम) सगळ्यांनाच पाठ असतं. तरी पहिल्या खऱ्या प्रसंगाला हात थांबतो. ओजेटीवर, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या ट्रेनिंगमध्ये, तुम्ही शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरच्या रेटिंगवर (स्वतंत्रपणे काम करायच्या पात्रतेवर) बोलत असता. तुम्ही लिहिलंत की त्यांचंही नाव येणार, आणि तुमचं रेटिंग तर त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून. ही भीती खरी आहे. ती वाटली म्हणून स्वतःला कमी समजू नका.

पण मी ज्या सापळ्यात सापडलो तो भीतीचाही नव्हता आणि खोटेपणाचाही नव्हता, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. माझ्या ओजेटीच्या काळात एका फ्रिक्वेन्सीवर कानाला सारख्याच वाटणाऱ्या कॉलसाइनची (रेडिओवर हाक मारायच्या नावाची) दोन विमानं होती. एकाला दिलेली खाली उतरायची सूचना दुसऱ्याने आपलीच समजून रीडबॅक केली, म्हणजे परत म्हणून दाखवली. ते लगेच लक्षात आलं, सूचना दुरुस्त झाली, सेपरेशन (दोन विमानांमधलं ठरलेलं किमान अंतर) कुठेही कमी झालं नाही. शिफ्ट संपल्यावर मी वरिष्ठांकडे जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरं केलंस सांगितलंस, मी बघतो,” म्हणाले. मला एकदम हलकं वाटलं.

सापळा तो हलकेपणाच आहे. सांगून झालं की मन मोकळं होतं, आणि मन मोकळं झालं की लिहायची निकड राहत नाही. आपण प्रामाणिक वागलो याचं समाधान तेवढं उरतं. पुढे दुसऱ्या एका शिफ्टमध्ये त्याच दोन उड्डाणांच्या बाबतीत तेच पुन्हा झालं, आणि या वेळी सेपरेशन मोडलं. चौकशीत विचारलं गेलं, असं आधी कधी घडलं होतं का? कागदावर काहीच नव्हतं. वरिष्ठांची बदली झाली होती. आमच्या प्रसंगाचं रेकॉर्डिंगही उरलं नव्हतं. ॲनेक्स ११ (हवाई वाहतूक सेवांचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे ते किमान ३० दिवस ठेवावं लागतं, पण राखून ठेवा असं कुणी सांगितलंच नाही तर पुढची हमी नसते. कॉलसाइन बदलून घेणं एवढाच उपाय होता. त्यासाठी एक पानाचा रिपोर्ट पुरला असता.

सेपरेशन मोडलं तर कळवणं बंधनकारकच आहे, तिथे सहसा कुणी चुकत नाही. निसटतात ते ‘काही झालं नाही ना, मग सोड’ म्हणून सोडलेले प्रसंग. पूर आला की आयर्विन पुलाजवळ किती फूट पाणी आहे, हे अख्खी सांगली विचारते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पण कालचा आकडा कुणी टिपूनच ठेवला नसेल, तर आज पाणी चढतंय की उतरतंय हे कळणार कसं?

१ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूए या कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान डोंगराला धडकलं आणि विमानातले सगळे ९२ जण गेले. अप्रोचची (धावपट्टीकडे उतरत यायची) परवानगी मिळाली म्हणजे किती खाली उतरायचं, याबद्दल पायलट आणि कंट्रोलर यांची समजूत वेगवेगळी होती. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते कळवलंही होतं. कंपनीने आपल्या पायलटना सावध केलं, पण इशारा कंपनीबाहेर गेला नाही. त्यातूनच १९७६ मध्ये अमेरिकेत स्वेच्छेने कळवायची व्यवस्था उभी राहिली, आणि ती चालवायला मुद्दाम नासाकडे दिली, कारण शिक्षा करणाऱ्याच्याच हातात कुणी आपली चूक देत नाही.

शिक्षेबद्दल स्पष्ट सांगतो. मुद्दाम नियम मोडला किंवा घोर निष्काळजीपणा केला, तर रिपोर्ट तुम्हाला वाचवणार नाही, आणि वाचवूही नये. प्रामाणिक चुकीची गोष्ट वेगळी. डेन्मार्कने २००१ मध्ये कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं, तेव्हा कंट्रोलरकडून येणारे रिपोर्ट कितीतरी पटींनी वाढले. शिवाय नोंद तुमच्या बाजूनेही बोलते. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ जण गेले. त्यातल्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायची सूचना स्पष्ट दिलेली होती, हे सिद्ध झालं ते रेकॉर्डिंगमुळे.

सीनियरकडून फिरत आलेला तयार मसुदा वापरू नका. त्यात सगळ्यांचे प्रसंग एकसारखे दिसायला लागतात आणि कामाचा तपशील नेमका गळतो. कँटीनमध्ये सगळ्यांनी मिळून रिपोर्ट लिहिणं तर त्याहून वाईट, कारण चहा संपेपर्यंत सगळ्यांच्या आठवणी जुळलेल्या असतात. इन्स्ट्रक्टरबद्दल माझं मत ठाम आहे. “लिही, माझं नाव आलं तरी चालेल,” असं म्हणणाऱ्याच्या हाताखाली मिळेल तेवढं शिकून घ्या. “तुझं रेटिंग व्हायचंय अजून, विसरू नकोस,” असं सुचवणारा कितीही हुशार असला, तरी त्याच्याकडून फक्त फ्रेझिऑलॉजी (रेडिओवर बोलायची ठरलेली भाषा) शिका.

लिहिताना जे कानांनी ऐकलं आणि स्क्रीनवर पाहिलं ते आधी, तुमचा अंदाज नंतर आणि वेगळा. कॉलसाइन, फ्रिक्वेन्सी, लेव्हल (विमानाची उंची), कोण काय बोललं. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) टाका आणि तारीख दोनदा तपासा: आपल्या रात्री २ वाजताची घटना यूटीसीत २०:३० ची, म्हणजे आदल्या तारखेची असते. रेकॉर्डिंग राखून ठेवावं, ही विनंती पहिल्याच परिच्छेदात करा. स्वतःकडे प्रत ठेवा आणि महिना उलटायच्या आत पुढे काय झालं ते विचारा. रिपोर्ट घेणाऱ्यानेही उत्तर द्यायला हवं, त्यामुळे विचारताना संकोच नको. उत्तर येतच नसेल तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) स्वेच्छेने कळवायची वाट आहे. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असतात, माहीत आहे मला. तरी युनिटमधून बाहेर पडायच्या आधी चार ओळी लिहून द्या. राहिलेला तपशील झोप झाल्यावर जोडता येतो.