ऑफिसच्या मेलसाठी सर्व्हर घेताय? कोटेशन खालून वर वाचा

व्हेंडरच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर पहिल्या ओळीत असतो आणि डिस्क पार तळाशी. मेल सर्व्हरचं कोटेशन मी खालून वर वाचतो. (वीस-तीस माणसांचंच ऑफिस असेल तर सरळ भाड्याचा मेल घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.)

शे-सव्वाशे माणसांच्या मेलचं प्रोसेसरला काहीच वाटत नाही. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) चालू असताना तो बहुतेक वेळ बसून असतो, राबते ती डिस्क. पोस्टफिक्स आलेला मेल आधी डिस्कवर पक्का लिहितो, मगच समोरच्या सर्व्हरला ‘२५० ओके’, म्हणजे मेल मिळाला, असं कळवतो. तिथून पुढे तो मेल हरवला तर जबाबदारी आपली. त्यात मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाईल, म्हणजे लाखो बारीक फायली. सकाळी सगळ्यांचे आउटलुक एकदम उघडले की ७२०० आरपीएमच्या डिस्कची दमछाक होते. अशा विखुरलेल्या कामात ती सेकंदाला जेमतेम ८०-१०० वेळा लिहू-वाचू शकते. मग ती ४ टीबीची असो की १६.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एक मेली तरी डेटा वाचवणं. जागा कमी वाया जाते म्हणून त्यातली रेड ५ गळ्यात मारतात. त्यात एक छोटासा बदल लिहायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायचा हिशेब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशी चार कामं. मिररिंगमध्ये (रेड १, दोन डिस्कवर तीच प्रत) दोनच. मी सर्व्हर-ग्रेडच्या दोन एसएसडी रेड १ मध्ये लावतो. त्यांच्यातले कपॅसिटर लाईट गेली तरी हातातलं लिखाण पुरं करतात. लॅपटॉपच्या स्वस्त एसएसडीत बहुधा ते नसतात. यूपीएस आहे ना, असं अकाउंट्सवाले विचारतील. यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली, ते त्यांनाच विचारा.

जागेचा हिशेब माणसांवरून करू नका, अटॅचमेंटवरून करा. १५ एमबीचं ड्रॉइंग मेलमध्ये गेलं की बेस६४मुळे (फाईल साध्या अक्षरांत बदलायची पद्धत) २० एमबी होतं. ऑफिसातल्याच पाच जणांना पाठवलं तर पाच प्रती, पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये सहावी. बहुतेक ठिकाणी एका ड्रॉइंगचे असे १२० एमबी जातात. डिझाइन विभाग दिवसभर हेच करतो.

मेमरी ईसीसीच (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी), आणि १६ जीबीच्या खाली नको. क्लॅमएव्ही (मेलमधले व्हायरस तपासणारा प्रोग्राम) एकटाच एक जीबीहून जास्त खातो, आणि नव्या सिग्नेचर (व्हायरस ओळखायच्या खुणा) चढवताना जुन्या-नव्या दोन्ही मेमरीत असल्याने तेवढ्यापुरता जवळपास दुप्पट. बॅकअपची डिस्क वेगळी, वेगळ्या मशीनवर. चुकून डिलीट झालेला मेल रेडमध्ये दोन्हीकडून एकदमच जातो.

पीओ काढायच्या आधी इंटरनेटवाल्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: स्टॅटिक आयपी, त्याचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) आणि बाहेर जाणारा पोर्ट २५ (दुसऱ्या सर्व्हरला मेल पाठवायचा रस्ता) उघडा असल्याची खात्री. यातली एक जरी नसेल तरी बॉक्स कितीही भारी घेतला तरी गिऱ्हाइकांकडे तुमचे मेल स्पॅममध्ये पडतील, नाहीतर पोचणारच नाहीत.