मास्टरमधले कस्टम फील्ड सिंक ठेवताय? या चुका टाळा

बुटीबोरी, हिंगणा आणि इतवारी, नागपूरच्या या पट्ट्यात मी बरीच वर्षं ईआरपी (कंपनीची खरेदी-विक्री, स्टॉक, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचं आणि दुसऱ्यांनी बसवलेलं दुरुस्त करायचं काम करतोय. फोन येतो तो ठरलेलाच, "भाऊ, इकडे एक दिसून राहिलं अन् तिकडे वेगळंच." सॉफ्टवेअर बिचारं बहुतेक वेळा बरोबर असतं. आयटम मास्टर, पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या आणि गिऱ्हाईक-पुरवठादारांच्या मूळ यादीत, आपण स्वतःच्या सोयीसाठी कस्टम फील्ड, म्हणजे जास्तीचे रकाने, जोडतो ना, बॅगचं वजन, रूट कोड, उद्यम नंबर (छोट्या-मध्यम उद्योगांचा सरकारी नोंदणी नंबर) वगैरे, ते दोन सिस्टममध्ये असतात, सिंकने आपोआप एकमेकांशी जुळवले जातात आणि खरं कुठलं धरायचं हे कोणी ठरवलेलंच नसतं.

एका फील्डचे दोन मालक

ही सगळ्यात मोठी चूक आणि मला सगळ्यात जास्त राग हिचाच येतो, कारण ही आळसातून होते. "दोन्हीकडून सिंक चालू करून टाका, जो शेवटी बदलेल त्याचं खरं" असं म्हणून लोक मोकळे होतात.

बुटीबोरीतला एक पशुखाद्याचा प्लांट. नागपूरला त्यांचं मुख्य ईआरपी, रायपूर डेपोला वेगळं इन्स्टॉलेशन, दर तासाला दोन्हीकडून सिंक, हे सेटिंग आधीच्या माणसाने केलेलं. आयटम मास्टरमध्ये "प्रति बॅग वजन" असं कस्टम फील्ड होतं आणि चलानवरचं एकूण वजन त्याच्यावरूनच निघायचं. मारबतीचा दिवस होता, मी नागपूरच्या महाल भागात घरी, बाहेर काळी-पिवळी मारबत बघायला निघालेली गर्दी, ढोलताशे, आणि दुपारी चारला स्टोअरवाल्या दादाचा फोन. "साहेब, वर्ध्याच्या पार्टीच्या धर्मकाट्यावर गाडी चार टन कमी भरून राहिली, ते माल उतरवू देत नाहीत." झालं असं की त्या दिवसापासून बॅग ५० किलोऐवजी ४० किलोची सुरू झाली होती. ४०० बॅगांची गाडी, चलानवर २० टन आणि काट्यावर १६. मी म्हटलं, मास्टरमध्ये ४० केलं नाही का? तर तो म्हणे, "दोनदा केलं जी, सकाळी अकराला केलं, मग एकला केलं, परत ५० होऊन राहिलं."

हे ऐकल्यावर मला कळलं की चूक त्याची नाही. लॅपटॉप उघडून लॉग, म्हणजे कोणी कधी काय बदललं त्याची नोंद, बघितला. रायपूरच्या ऑपरेटरने सकाळी दहाला त्याच आयटमचा रॅक नंबर बदलला होता, वजनाला हातही लावला नव्हता, पण सिंक फील्डवार नव्हतं, अख्खं कार्ड उचलून पाठवायचं, त्यामुळे रॅक नंबरसोबत जुनं ५० पण आलं. तरीही नागपूरचा बदल नंतरचा होता, तो जिंकायला पाहिजे होता. तो हरला कारण नागपूरचा सर्व्हर क्लाउडवर होता आणि वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायचा, रायपूरचा भारतीय वेळेत, म्हणजे साडेपाच तासांचा फरक. नागपूरला अकराला केलेला बदल सिस्टमच्या हिशोबाने पहाटे साडेपाचचा, एकचा बदल साडेसातचा, आणि रायपूरचा दहाचा दहाच. दर वेळी रायपूर "नवीन" ठरणार आणि ५० परत येणार.

तोपर्यंत तीन गाड्या गेल्या होत्या. भाडं टनावर ठरलेलं, ट्रान्सपोर्टरने चलानप्रमाणे बिल लावलं, बारा टनांचं जास्तीचं भाडं परत मिळवायला अकाउंटवाल्यांचे कितीतरी दिवस गेले आणि वर्ध्याच्या पार्टीने नंतर कित्येक दिवस प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर घेतली.

तेव्हापासून माझी सवय अशी की कस्टम फील्ड बनवायच्या आधी एका वहीत एक ओळ लिहायची, फील्डचं नाव, ते कुठल्या सिस्टममध्ये भरायचं, भरणार कोण आणि कुठे नुसतं दिसेल. जिथे नुसतं दिसायचं तिथे ते रीड-ओन्ली, मग डेपो मॅनेजर कितीही रागावला तरी. सिंक एकाच दिशेने आणि फक्त बदललेल्या फील्डचं. आणि दोन्ही सर्व्हरची वेळ स्वतः डोळ्यांनी बघायची, एक टेस्ट रेकॉर्ड सेव्ह करून दोन्हीकडे काय वेळ पडली ते शेजारी शेजारी ठेवून. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते कोणी करत नाही.

एक्सेलवर आंधळा विश्वास

नवीन मुलं सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) एक्सपोर्ट करतात, डबल क्लिकने उघडतात, दोन ओळी सुधारतात, सेव्ह करून परत चढवतात आणि मग विचारतात की रूट कोड ००१२७ चा १२७ कसा झाला. उघडल्या उघडल्या झाला, तुम्ही हात लावायच्या आधीच. एक्सेल आकड्याचे १५ अंकच नीट धरतं, १६ अंकी बँक खातं असेल तर शेवटचा अंक शून्य होऊन जातो आणि तो परत मिळत नाही. "१ई५" सारखा आयटम कोड थेट एक लाख होतो. डेटा टॅबमधून फाईल आत घ्या आणि कोडचे सगळे कॉलम टेक्स्ट करा, यात घाई करू नका. मी तर चढवायच्या आधी तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या वीस ओळी वाचतो.

बँक शाखेचा आयएफएससी कोड अकरा अक्षरी असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, तिथे इंग्रजी ओ टाकलेला मी इतक्या वेळा पकडलाय की आता आधी तेच बघतो.

नावावरून रेकॉर्ड जुळवू नका, कोडवरूनच जुळवा.

जिथे यादी देता येते तिथे टाइप करायला देऊ नका. एका क्लायंटकडे एरिया फील्डमध्ये बुटीबोरी, बुट्टीबोरी, बुटी बोरी आणि नुसतं एमआयडीसी अशा चार जागा होत्या, चौघीही एकच, आणि सेल्स रिपोर्ट चार तुकड्यांत.

लाइव्हवर, म्हणजे रोजचं काम चालतं त्या सिस्टमवर, थेट फील्ड बनवू नका. "छोटंसंच तर आहे" म्हणणाऱ्यांचीच कामं मी नंतर रविवारी करतो.

टॅलीमधले यूडीएफ नंबर

टॅलीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. टीडीएलमधलं (टॅलीत जास्तीच्या सोयी जोडणाऱ्या प्रोग्राममधलं) यूडीएफ, म्हणजे आपण जोडलेलं फील्ड, नावाने नाही, नंबरने ओळखलं जातं. दोन वेगळ्या लोकांकडून दोन टीडीएल घेतले आणि दोघांनीही एकाच प्रकारच्या फील्डला एकच नंबर दिला असेल तर एकाचा डेटा दुसऱ्याच्या फील्डमध्ये दिसायला लागतो. गांधीबागेतल्या एका कापडवाल्याकडे एजंटच्या नावाच्या जागी ट्रान्सपोर्टचं नाव दिसायचं आणि तो बिचारा आपल्याच मुनीमाला बोलत बसला होता. नवीन टीडीएल घेताना त्यातल्या यूडीएफ नंबरांची यादी मागा, देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका. आणि टीडीएल काढला की फील्ड दिसत नाही, पण भरलेला डेटा आतच असतो, म्हणून घाबरून सगळं परत भरायला बसू नका.

एकदा भरलं की विसरलं

सिंक म्हणजे दोन सिस्टम जुळणं एवढंच लोकांना वाटतं. दोन्हीकडे सारखंच पण जुनं असेल तर? सप्लायर मास्टरमधला एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) प्रकार घ्या. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच इन्कम टॅक्समध्ये धरता येतो, हे आयकर कायद्याचं कलम ४३बी (एच) २०२४-२५ च्या असेसमेंट वर्षापासून आलं तेव्हा सगळ्यांनी धावपळ करून हे फील्ड बनवलं. मग १ एप्रिल २०२५ पासून मर्यादाच बदलल्या, लघु उद्योगाची उलाढाल ५० कोटींवरून १०० कोटींपर्यंत गेली, म्हणजे काल "मध्यम" असलेला आज "लघु" होऊ शकतो. किती जणांनी फील्ड परत तपासलं? माझ्याकडच्या क्लायंटपैकी मोजक्यांनीच. अशा प्रत्येक फील्डशेजारी मी "पडताळलं कधी" अशी तारीख लावतो आणि एप्रिलमध्ये जुन्या तारखांची यादी खरेदीवाल्याच्या टेबलावर ठेवून येतो. उद्यम नंबर तर १९ अक्षरी असतो, लांबी तपासायची अट लावायला एक मिनिट लागतो, तेवढी तरी लावा.

जुन्या बिलांबद्दल पण बोलतो. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये "फेच फ्रॉम" (मास्टरमधली माहिती आपोआप बिलात आणायची सोय) लावलं म्हणजे मास्टर बदलल्यावर सबमिट झालेली जुनी बिलंही बदलतील असं समजू नका, फील्डमधली माहिती तिथे कॉपी होऊन बसलेली असते, आणि बिलाच्या बाबतीत तेच बरोबर आहे. ती "दुरुस्त" करायला थेट डेटाबेसमध्ये क्वेरी मारणारे लोक मला भेटलेत. तसं केलं की व्हॅलिडेशन (माहिती तपासायच्या अटी) चालत नाही, हिस्टरीत नोंद पडत नाही, आणि सिंकला बदल झाल्याचं बहुधा कळतच नाही.

फरक सापडला की लोक पहिल्यांदा काय करतात, तर आकडा बरोबर करतात. कृपा करून ते आधी करू नका. आधी दोन्हीकडचा स्क्रीनशॉट घ्या, मग शेवटी कोणी लिहिलं आणि किती वाजता ते लॉगमध्ये बघा, मग सिंक थांबवा, आणि त्यानंतरच आकड्याला हात लावा. त्या दिवशी स्टोअरवाल्या दादाने तिसऱ्यांदा ४० टाकलं असतं तर पुढच्या तासाला परत ५० झालं असतं आणि चौथी गाडी, जी गेटवर भरून उभी होती, तीही निघाली असती. मी त्याला फोनवर आधी तीच थांबवायला सांगितली.