रॉक कलाकाराची बैठक घरी कशी भरवावी: टॉकिंग हेड्सच्या निमित्ताने

गोव्यातल्या फोंड्याच्या आसपासच्या गावांत भजन, नाटक आणि घुमटआरती (घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेली आरती) यांवर तासन्‌तास बोलणारी माणसे घरोघरी सापडतात. चतुर्थीच्या दिवसांत पडवीत बसून कोणत्या मेळाचा शामेळ हे तालवाद्य वाजवणारा लय पळवतो, कोणाचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो, यावर जोरदार वाद झडतात. रॉक ऐकणारा मात्र कानात इयरफोन घालून एकटा बसलेला असतो. त्याच्या आवडत्या गाण्याबद्दल त्याला कोणी काही विचारत नाही. मला हे फार खटकत होते, म्हणून तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी दर दोन महिन्यांनी बैठक सुरू केली. एक रॉक कलाकार घ्यायचा, त्याची गाणी ऐकायची, तो कोणाकडून काय शिकला ते शोधायचे आणि त्याच्या मैफलीचा चित्रपट एकत्र बघायचा. अशी बैठक तुम्हालाही भरवता यावी म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणाला डेव्हिड बर्न आणि त्याचा टॉकिंग हेड्स हा बँड घेतला आहे, कारण आमच्याकडे सगळ्यात चांगला वाद त्याच्यावर रंगला.

कलाकार निवडताना

तीन गोष्टी बघा. त्याचे संगीत कुठून आले याचा माग काढता यायला हवा, त्याच्या मैफलीचा निदान एक उत्तम चित्रपट हवा, आणि तो कलाकार तुमचा स्वतःचा जीव की प्राण असायला हवा. तिसरी अट सोडू नका. बोलावणाराच निम्म्या मनाने बसला तर बाकीचे घड्याळाकडे बघू लागतात.

टॉकिंग हेड्स १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला आणि सीबीजीबी या छोट्या क्लबात वाजवत मोठा झाला. पहिला अल्बम १९७७चा. त्यानंतरचे तीन अल्बम (१९७८, १९७९ आणि १९८०) निर्माता ब्रायन एनोबरोबर केलेले. एवढे सगळे एका संध्याकाळी मांडायला गेलात तर ताटात पन्नास पदार्थ वाढल्यासारखे होईल. चार गाणी घ्या, एक चित्रपट घ्या, बस्स. आम्ही घेतली ती ‘सायको किलर’, ‘टेक मी टु द रिव्हर’, ‘वन्स इन अ लाइफटाइम’ आणि ‘धिस मस्ट बी द प्लेस’. चारही गाणी ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या त्यांच्या मैफलीच्या चित्रपटात आहेत, त्यामुळे रेकॉर्डवरचे रूप आणि स्टेजवरचे रूप शेजारी शेजारी ठेवता येते.

कोणाला बोलवावे

सात-आठ माणसे पुरेत. त्यांत निम्मी त्या कलाकाराची भक्त असावीत, निम्मी त्याला पहिल्यांदाच ऐकणारी. आणि एक तरी तालवाद्य वाजवणारा हवाच हवा: तबला, पखवाज, घुमट, काहीही चालेल. त्याचा रॉकशी संबंध नसला तर अधिक चांगले. का, ते पुढे कळेल.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सगळे गोंगाट वाटत असेल तर त्यांना केरीच्या केसरबाईंची आठवण द्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर चक बेरीचा रॉक अँड रोलही आहे. आपल्या फोंडे महालातली गायिका आणि रॉकचा आद्य गिटारवाला एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर गेले आहेत. माझ्या मावशीने हे ऐकले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “लाव बघू काय ते.”

आठवडाभर आधीची तयारी

चारही गाण्यांची नावे सगळ्यांना आठ दिवस आधी कळवा आणि प्रत्येकाला एकच काम द्या. गाणे ऐकताना जिथे कान टवकारले, ती जागा मिनिट-सेकंदासह लिहून आणायची आणि तिथे काय घडले ते एका वाक्यात मांडायचे. “भारी आहे”, “वेगळाच फील आहे” ही वाक्ये चालणार नाहीत. “इथे ड्रम थांबतात आणि फक्त बास उरतो” हे चालेल.

या एका नियमावर अख्खी बैठक उभी आहे. आमची पहिली बैठक दुसऱ्याच एका कलाकारावर होती. तेव्हा हा नियम नव्हता, आणि दोन तास नुसती त्याची लग्ने, व्यसने आणि भांडणे चघळली गेली. गाणे एकदाही नीट ऐकले गेले नाही. उठताना मला रडू येत होते, कारण तो माझा फार लाडका गायक होता. टॉकिंग हेड्समध्येही आपापसातली भांडणे काही कमी नव्हती. तो विषय निघाला की वही पुढे करा आणि विचारा, “कितव्या मिनिटाला ऐकू येते ते?”

आवाजाची सोय

टीव्हीच्या आतल्या स्पीकरवर विसंबू नका. या बँडचे सगळे मर्म टीना वेमथच्या बास गिटारमध्ये आहे आणि टीव्हीचा स्पीकर नेमका तोच गिळतो. दोन बरे स्पीकर जोडा, भिंतीपासून हातभर पुढे ठेवा आणि ऐकणारे दोन्हींच्या मध्ये येतील अशा खुर्च्या मांडा. जुन्या घरांच्या मोठ्या खोल्यांत शहाबादी फरशीवरून आवाज घुमतो. जाड चटई किंवा जाजम अंथरले की फरक लगेच जाणवतो. पावसाळ्यात बैठक असेल तर इन्व्हर्टर आधी तपासा; आमच्याकडे ऐन रंगात करंट जाण्याची खोड आहे.

आधी मूळ, मग फांदी

प्रभावांबद्दल नुसते बोलायचे नाही, जोडीने ऐकायचे. आधी अल ग्रीनचे १९७४चे ‘टेक मी टु द रिव्हर’ लावा आणि लगेच टॉकिंग हेड्सने १९७८ साली केलेले तेच गाणे. ग्रीनचे गाणे चर्चच्या जवळून आलेले आहे. नदीत बुडवून घेण्याची जी आळवणी आहे, तिच्यात देहाची ओढही आहे आणि बाप्तिस्माही. बर्नच्या बँडने तेच गाणे संथ केले. लय मागे खेचल्यामुळे पाण्यात खोल खोल पाय टाकत चालल्यासारखे वाटते. दोन्ही एका पाठोपाठ ऐकल्यावर कोणालाही सांगावे लागत नाही, प्रत्येक जण स्वतःहून बोलू लागतो.

दुसरी जोडी जास्त कसाची आहे. नायजेरियाच्या फेला कुटीचा ‘आफ्रोडिझियाक’ हा १९७३चा अल्बम एनोने बर्नला ऐकवला होता, आणि १९८०च्या ‘रिमेन इन लाइट’चा साचा त्यातूनच तयार झाला. फेलाकडे एकेक वाद्य छोटासा तुकडा धरून तोच तोच वाजवत राहते आणि त्या तुकड्यांच्या विणीतून गाणे उभे राहते. घुमट, शामेळ आणि कांसाळे (झांजा) एकमेकांत कसे गुंततात हे लहानपणापासून ऐकलेल्या गोंयकाराच्या कानाला ही वीण अनोळखी नाही. म्हणून फेलाचे एखादे गाणे किमान सहा-सात मिनिटे चालू द्या. दोन मिनिटांत बंद केले तर काहीच हाती लागणार नाही.

मग ‘वन्स इन अ लाइफटाइम’ लावा आणि सगळ्यांना एक गोष्ट करायला सांगा: सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडली की मांडीवर थाप द्यायची.

आमच्या वाड्यावर घुमट वाजवणारे एक काका आहेत, सत्तरीच्या घरातले. त्यांनी डोळे मिटले आणि थोडा वेळ काहीच केले नाही. मी ड्रमवर मोजत आपली थाप देत होते. काकांनी थाप द्यायला सुरुवात केली ती भलत्याच ठिकाणी.

“काका, सम तिथे नाही. ड्रम ऐका.”

“ड्रम कशाला ऐकू? तो खालचा जाड आवाज कुठे येऊन बसतो ते ऐक. बाय, तू चुकतेस.”

गाणे तीनदा लावले. चार जण माझ्या बाजूला, तीन काकांच्या. कोणीच मागे हटेना. मग मी वाचलेली हकिकत सांगितली: हे गाणे घडत असताना एनोला पहिली मात्रा बँडपेक्षा वेगळ्या ठिकाणी ऐकू येत होती, आणि त्यामुळे गाण्याला दोन तोल आहेत. काका हसले, म्हणाले, “म्हणजे दोन समा. मग तूही बरोबर.” त्यानंतर त्यांनी ते गाणे एकदा माझ्या समेवर आणि एकदा स्वतःच्या समेवर मोजून बघितले. तालवाद्यवाला का हवा, ते यासाठी.

याच गाण्याचे शब्दही बघण्यासारखे आहेत. बर्नने रेडिओवरच्या अमेरिकन धर्मोपदेशकांची बोलण्याची धाटणी उचलली. गाणे आणि बोलणे यांच्या सीमेवर तो उभा राहतो आणि श्रोत्याला प्रश्नांवर प्रश्न विचारतो. आमच्यातल्या एकीला लगेच कीर्तनातला तो क्षण आठवला, जेव्हा बुवा अभंग मध्येच थांबवतात आणि समोरच्या माणसाकडे रोखून बघत विचारतात, “सांगा, हे घर कोणाचे?” तुलना करा, जरूर करा, आपल्या अनुभवातून आलेली तुलना परक्या गाण्याचे दार उघडते. फक्त मागून घेतले कोणी आणि कोणाकडून, हे नीट ठेवा. बर्न कीर्तन ऐकून हे शिकलेला नाही.

चित्रपट

‘स्टॉप मेकिंग सेन्स’ १९८४ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जोनाथन डेमी, चित्रीकरण १९८३च्या डिसेंबरमध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात, लांबी ८८ मिनिटे. कॅमेऱ्यामागे ‘ब्लेड रनर’ टिपलेले जॉर्डन क्रोननवेथ होते. २०२३ साली तो नव्याने स्वच्छ करून पुन्हा आला. शक्य असेल तर तीच प्रत मिळवा. मध्ये थांबवू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

बघण्याआधी एकच सूचना द्या: स्टेजवर किती माणसे आहेत ते मोजत राहा. सुरुवातीला पांढऱ्या बुटातले दोन पाय येतात, रिकाम्या स्टेजवर एक टेपरेकॉर्डर ठेवला जातो आणि बर्न एकटा गिटारवर ‘सायको किलर’ म्हणतो. पुढच्या गाण्याला टीना वेमथ येते. मग ड्रम ढकलत आणले जातात आणि क्रिस फ्रँट्झ बसतो, मग जेरी हॅरिसन. स्टेजवरचे कामगार लपत नाहीत, सगळी मांडामांड डोळ्यांसमोर होते. त्यानंतर पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडचा बर्नी वॉरेल, अॅलेक्स वेयर, स्टीव्ह स्केल्स आणि गायिका लिन मॅब्री व एडना होल्ट असे करत नऊ जण होतात. एका माणसाचे गाणे हळूहळू गावाचे होते, आणि हे सांगायला चित्रपटात एकही मुलाखत नाही. प्रेक्षकांचे चेहरेही डेमी जवळपास शेवटपर्यंत राखून ठेवतो.

तीन जागा आधीच मनात धरून ठेवा, म्हणजे नंतर बोलता येईल. ‘वन्स इन अ लाइफटाइम’मध्ये कॅमेरा बर्नवरून हलत नाही, आणि तो घामाने निथळत उपदेशकासारखा हात आपटत राहतो. ‘धिस मस्ट बी द प्लेस’मध्ये तो घरातल्या उभ्या दिव्याबरोबर नाचतो. आणि ‘गर्लफ्रेंड इज बेटर’मध्ये तो अवाढव्य सूट. जपानची नोह रंगभूमी बघून ती कल्पना त्याला सुचली. अंग मोठे दिसावे आणि डोके लहान, असा त्याचा हिशेब होता. एका बाकड्यावर सिंहासन, रथ आणि डोंगर उभे करणारा दशावतार पेडण्याकडे बघितलेल्यांना एक दिवा आणि एक सूट एवढ्यावर स्टेज कसे भरते, हे समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी वेगळ्या संध्याकाळी ‘अमेरिकन युटोपिया’ बघावा. स्पाइक लीने २०२० साली आणलेल्या या चित्रपटात बर्न आणि साथीदार अनवाणी, राखाडी सुटांत, वाद्ये अंगावर बांधून फिरत वाजवतात. एका ड्रमसेटचे काम अनेकांत वाटलेले आहे. शिगम्याचे रोमट, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, डोळ्यांसमोर येते.

वेळ, खाणे, परवानगी

साडेपाचला सुरू करा, सातला चित्रपट, साडेआठनंतर तासभर बोलणे. रात्री दहानंतर मोठा आवाज नियमात बसत नाही आणि शेजारधर्मातही. घरच्या माणसांत आणि मित्रांत बघणे ठीक. वाचनालयाच्या सभागृहात किंवा क्लबात जाहीर दाखवायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. संध्याकाळी पोदेर (पाववाला) येतो तेव्हा त्याच्याकडून उंडे (गोल पाव) घ्या, पातळभाजी घरी करून ठेवा. खाणे चित्रपटाच्या आधी. हातात बशी असली की मांडीवर सम मोजता येत नाही.

शेवटचा तास

चर्चेला प्रत्येकाने आपली वहीतली जागा सांगून सुरुवात करावी, आणि ती जागा पुन्हा लावून ऐकावी. त्यातून जे प्रश्न सुटत नाहीत ते एका सामायिक वहीत लिहा. पुढच्या बैठकीला पहिली पंधरा मिनिटे त्यांनाच द्या. ज्यांना रॉक जड गेले त्यांच्यासाठी घरी नेण्याजोगे काही तरी सुचवा. बर्नने सुरू केलेल्या लुआका बॉप या रेकॉर्ड कंपनीने २०१७ साली जॅझ वादक अॅलिस कोल्ट्रेनची कॅलिफोर्नियातल्या आश्रमात गायलेली भजने प्रसिद्ध केली. माझी मावशी ती अजून सकाळी लावते.

आमच्या वहीत त्या दिवशी काकांच्या अक्षरात एकच ओळ होती: “बास आणि ड्रम, दोघांना सम वेगळी, तरी भांडण का होत नाही?” पुढच्या वेळी ते घुमट घेऊन आले, मला माझी थाप धरायला लावली आणि स्वतः त्यांची धरली.