डिलीट झालेल्या फाइली परत आणताना या चुका टाळा

रात्री उशिरा एखाद्या मित्राचा फोन येतो. "अरे, चुकून शिफ्ट-डिलीट झालं. कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" मी उलट विचारतो, "डिलीट झाल्यापासून आत्तापर्यंत त्या मशीनवर काय काय केलंस?" फाइल मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा याच उत्तरावरून कळतं. सॉफ्टवेअरचं नाव ही फार पुढची गोष्ट.

विंडोज डिस्कवर फाइली ज्या एनटीएफएस पद्धतीने मांडतं, तीत सगळ्या फाइलींची एक नोंदवही असते, तिला एमएफटी म्हणतात. फाइल डिलीट केली की तिच्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते आणि तिने अडवलेली जागा मोकळी धरली जाते. साध्या हार्ड डिस्कवर मजकूर मात्र जागच्या जागीच असतो. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर चालणाऱ्या फॅट ३२ या दुसऱ्या पद्धतीत नावाचं पहिलं अक्षर पुसलं जातं आणि फाइलीचे तुकडे कुठे कुठे आहेत याची साखळीही जाते. म्हणून एकसंध फाइल सहज मिळते आणि विखुरलेली फाइल अर्धवट हाती येते.

मोकळ्या धरलेल्या त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की खेळ संपला. खालच्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीत येऊन पडतात.

सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकणं

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे तिची चव माहीत आहे. लॅपटॉपला एकच ड्राइव्ह, त्यावरचा फोटोंचा फोल्डर उडाला. घाईघाईत ब्राउझर उघडला, चार-पाच प्रोग्राम शोधले, दोन डाउनलोड केले, दोन्ही इन्स्टॉल केले. स्कॅन झाल्यावर फाइलींची लांबलचक यादी आली आणि जीव भांड्यात पडला. मग एक फोटो उघडला. वरचा तिसरा हिस्सा झकास: आकाश, झाडाचा शेंडा, कुणाचं तरी कपाळ. त्याखाली सरसकट राखाडी पट्टा. कपाळाखालच्या चेहऱ्याच्या जागेवर बहुधा माझ्याच इन्स्टॉलरचा एखादा तुकडा जाऊन बसला होता.

ब्राउझर नुसता उघडला तरी तो डिस्कवर लिहितो. विंडोज तर काहीही न करता पार्श्वभूमीला लिहीतच असतं. म्हणून फाइल सी ड्राइव्हवरून गेली असेल तर मशीन बंद करा. मेनूत 'अपडेट करून बंद करा' असा पर्याय दिसत असेल तर तो चुकूनही निवडू नका. मग तो ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला जोडा, नाहीतर पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन सुरू करा. गेलेली फाइल डी ड्राइव्हवरची असेल, तर डी आणि सी एकाच डिस्कचे दोन भाग असले तरी सॉफ्टवेअर सी वर टाकलेलं चालतं.

कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाला कडेला छोटी सरकपट्टी असते. कार्ड बाहेर काढून ती 'लॉक'कडे सरकवा, मगच रीडरमध्ये घाला. दोन सेकंदांचं काम, पण क्वचितच कुणी करतं.

सापडलेल्या फाइली तिथेच सेव्ह करणं

पहिली फाइल वाचवताना ती दहाव्या फाइलीच्या डोक्यावर लिहिली जाऊ शकते. दुसरा ड्राइव्ह जोडा. विषय संपला.

एसएसडीला हार्ड डिस्क समजणं

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह. इथे लोकांची सगळ्यात जास्त निराशा होते. विंडोज ७ पासून फाइल डिलीट झाली की ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीला 'ट्रिम' नावाची आज्ञा धाडते: या जागेची आता गरज नाही. त्यानंतर ती जागा वाचायला गेलं तर बहुतेक एसएसडी नुसती शून्यं परत देतात.

गंमत अशी की एमएफटीतली नोंद अजून शाबूत असू शकते. त्यामुळे सॉफ्टवेअर नाव बरोबर दाखवतं, तारीख बरोबर, साइजही अगदी बाइटपर्यंत बरोबर. माणूस खूश होऊन पैसे भरतो आणि वर्डची फाइल उघडायला जातो, तर ती खराब असल्याचा निरोप येतो. आत सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं असतात. तेव्हा प्रीव्ह्यू दिसल्याशिवाय कुठल्याही प्रोग्रामचे पैसे भरू नका. नावांच्या यादीला काडीची किंमत नाही. यूएसबीने जोडलेल्या काही एसएसडींपर्यंत ट्रिम पोहोचत नाही, तिथे थोडी आशा असते.

'फॉरमॅट करा' म्हटलं की फॉरमॅट करणं

ड्राइव्ह जोडला आणि विंडोज म्हणालं, वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. याचा अर्थ एवढाच की फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी, त्याला वाचता येत नाहीये. फाइली आत असू शकतात. 'कॅन्सल' दाबा. क्विक फॉरमॅट झालाच असेल तर हार्ड डिस्कवरचं पुष्कळ काही परत मिळतं, पण पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो.

विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्कही याच पंक्तीतलं. फाइल सिस्टीमची घडी बसवणं हे त्याचं काम, तुमचे फोटो वाचवणं नव्हे. घडीत न बसणारे तुकडे ते सीएचके नावाच्या फाइलींमध्ये कोंबतं, नाहीतर काढून टाकतं. आधी डिस्कची प्रत काढा आणि चेकडिस्क त्या प्रतीवर चालवा. पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा सी-डीसारखा अख्खा भागच, गायब झालं असेल तर टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्राम चांगला, पण तो सापडलेलं पार्टिशन मूळ डिस्कवर लिहायला विचारतो तेव्हाही हाच नियम.

मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर 'डीप स्कॅन' लावणं

डीप स्कॅन म्हणजे अख्खी डिस्क इंच न् इंच वाचणं. तो लावण्याआधी डिस्क जोडून कान लावा. एकसारखी घरघर ठीक. ठराविक अंतराने टक्... टक्... टक्... असा आवाज येत असेल तर लगेच वीज बंद करा. डेटा वाचणाऱ्या हेडला आपली जागा सापडत नाहीये. ज्या फिरत्या तबकडीवर डेटा असतो, तिच्या काही नॅनोमीटर वर हेड तरंगत असतं. ते घासायला लागलं तर प्रत्येक फेरीला थोडा डेटा खरवडून निघतो. इथे सॉफ्टवेअरचं काम संपलं, हे काम क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त खोली, असलेल्या प्रयोगशाळेचं. घरी झाकण उघडायचं नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय तर डोक्यातून काढूनच टाका, बाहेर काढल्यावर तबकडीवर बाष्प धरतं. त्याच मॉडेलचं दुसरं सर्किट बोर्ड लावूनही बहुधा भागत नाही, कारण त्या डिस्कपुरती जुळणीची माहिती मूळ बोर्डावरच्या चिपमध्ये असते.

आवाज नाही, पण डिस्क भयंकर हळू चालते? केबल आणि यूएसबी पोर्ट बदलून बघा. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेले डिस्कचे कप्पे) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचता न आल्याने निकाल बाकी असलेले कप्पे) हे दोन आकडे पाहा. पेंडिंग वाढत असेल तर स्कॅन, पुन्हा स्कॅन, दुसऱ्या प्रोग्रामने स्कॅन हा उद्योग थांबवा. अशा डिस्कची अख्खी प्रत एकदाच काढायची आणि मग हवे तितके प्रयोग त्या प्रतीवर करायचे.

त्यासाठी लिनक्समधला डीडीरेस्क्यू उत्तम. तो आधी सहज वाचता येणारे भाग भराभर उचलतो, अडलेले सोडून पुढे जातो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. कुठवर आलो हे मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. मॅपफाइलचं नाव द्यायला मात्र विसरू नका. जागाही पूर्ण डिस्कएवढी लागते: १ टीबीच्या डिस्कवर २०० जीबीच भरलेले असले तरी १ टीबी मोकळी हवी. आणि सगळ्यात भीषण चूक म्हणजे मूळ आणि प्रत यांची अदलाबदल. मग कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते. एंटर दाबण्याआधी दोन्हींचे सिरियल नंबर लेबलवर बघून ताडून घ्या.

डीप स्कॅनकडून नावांची अपेक्षा करणं

फोटोरेकसारखे प्रोग्राम नोंदवहीकडे बघतच नाहीत. जेपेगची सुरुवात ठराविक बाइटनी होते, पीडीएफची वेगळ्या. ते या खुणा शोधत डिस्क विंचरतात. नाव आणि फोल्डर नोंदवहीत होते, ते गेले. हाती येतात हजारो आकडेवजा नावांच्या फाइली, त्यांत वेबसाइटवरची चिटुकली चित्रंसुद्धा. साइजनुसार लावा, लहान फाइली बाजूला काढा, मग शोधा. मोठे व्हिडिओ विखुरलेले असतील तर ते या रीतीने सहसा धड मिळत नाहीत.

क्रॅक केलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवणाऱ्यांबद्दल काय बोलावं! डिस्क वाचायला ज्याला ॲडमिनचे हक्क द्यावे लागतात, असा प्रोग्राम अनोळखी माणसाकडून घ्यायचा? टेस्टडिस्क आणि फोटोरेक फुकट आहेत, मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरीही २०२० पासून फुकट आहे.

हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: स्कॅन लावण्याआधी क्लाउडचा कचरापेटारा बघा. गूगल फोटोज बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस ठेवतं, आयफोनचं 'रिसेंटली डिलीटेड' ३० दिवसांपर्यंत. मेलचं 'सेंट' फोल्डरही चाळा. फोनमधल्या साठ्यावर एन्क्रिप्शन असतं, त्यामुळे 'डिलीट झालेलं परत आणा' म्हणणारी ॲप्स बहुधा उरलेली लघुचित्रंच दाखवतात.

फाइली मिळाल्या की पाच-दहा पूर्ण उघडून पाहा, व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत चालवा. तोवर मूळ डिस्क वापरात घेऊ नका. मी आता अशा डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवतो: तारीख आणि 'फॉरमॅट करू नये'. एकदा पट्टी लावायची राहिली, तर घरातल्याच कुणीतरी ती रिकामी समजून काठोकाठ सिनेमे भरून ठेवले होते.