बोअरच्या पाण्यात जड धातू आहेत का, हे कसं तपासावं?

आमच्याकडे पाण्याची पारख जिभेवर होते. ‘पानी गोड शे’ म्हटलं की हंडा भरला. पण शिसं, आर्सेनिक, कॅडमियम पाण्यात असले तरी ना चव बदलते, ना रंग.

खान्देशात कोळशाच्या खाणी नाहीत. त्या चंद्रपूर, वणी, उमरेडकडे. तिथं कोळशाच्या थरातलं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, हवापाण्याला उघडं पडतं. त्यातून पाणी आम्लधर्मी होतं आणि खडकातलं लोह, मँगनीज, निकेल स्वतःत विरघळवून घेतं. आपल्याकडे कोळसा येतो तो भुसावळजवळ दीपनगरला, वीज केंद्रात जळायला. तो जळून गेला तरी त्यातले बरेचसे धातू राखेत उरतात. राख पाण्यात कालवून तलावात सोडली की तिथलं पाणी जमिनीत मुरू शकतं. म्हणजे जवळची प्रत्येक विहीर बिघडली असं नाही. पण खाणीकाठी नांदणाऱ्या लेकीबाळींनी आणि राखेच्या तलावालगतच्या घरांनी पाणी तपासून घ्यावंच.

आधी घरीच बघा. हापशाचं ताजं पाणी काचेच्या पेल्यात तासभर ठेवा. येताना नितळ असलेलं पाणी पिवळसर झालं, तळाशी विटकरी गाळ बसला, तर लोह जास्त आहे. अशा पाण्याचा चहा काळपट होतो. पेरूचं पान चुरगळून टाकलं तर पाणी जांभळट-काळं पडतं. मात्र हे फक्त लोहापुरतं. घातक धातूंबद्दल पेला काहीच सांगत नाही, म्हणून पाणी नितळ राहिलं तरी प्रयोगशाळेत जायचंच.

नमुना घेताना घाई करू नका; इथं चुकलं की पुढचा सगळा खर्च वाया. गच्चीवरच्या टाकीतून घेऊ नका, कारण जुन्या पाइपातले आणि पितळी नळातले धातू त्यात उतरतात. बोअर दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या, मग बोअरच्या तोंडाशीच बाटली भरा. शक्यतो बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. धातू तपासायच्या बाटलीत कधीकधी आधीच थोडं नायट्रिक आम्ल घातलेलं असतं, म्हणजे धातू बाटलीच्या कडांना चिकटत नाहीत. अशी बाटली विसळायची नाही, काठोकाठ भरून सांडवायची नाही आणि मुलांच्या हाती द्यायची नाही. आम्ल नसलेली बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. वर गाव, गट नंबर, बोअरची खोली, तारीख, वेळ लिहा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा असते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. अर्जात धातूंची नावं स्वतः लिहा: आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, मँगनीज. नुसतं ‘पाणी तपासणी’ लिहिलं तर सामू, क्षार, नायट्रेट एवढ्यावरच काम भागवलं जाण्याची शक्यता असते. गावाला हिरवं कार्ड मिळालंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते स्रोताच्या आसपासची स्वच्छता आणि साथीचा धोका पाहून देतात.

अहवाल हाती आला की आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी ताडून बघा. त्यातली मर्यादा लिटरमागे अशी: शिसं आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, निकेल ०.०२. आकडे मायक्रोग्रॅममध्ये असतील तर १००० ने भागा. ‘बीडीएल’, म्हणजे यंत्राला दिसेल त्याहून कमी, असं लिहिलं असेल तर यंत्र किमान किती मोजू शकतं, ते नक्की विचारा. यंत्राला शिसं ०.०५ च्या खाली दिसतच नसेल, तर त्या बीडीएलला काही अर्थ नाही.

धातू मर्यादेबाहेर निघाले तर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला लगेच बंद. बाळाची पेज आणि गरोदर बाईचं पाणी सगळ्यांत आधी. उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटलं की तेच धातू थोड्या पाण्यात गोळा होतात. तुरटी फिरवून किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकूनही ते भरवशाने निघत नाहीत. दुसरा नमुना देऊन खात्री करा, अहवालाची प्रत ग्रामसभेत मांडा, पर्यायी पाणी लेखी मागा, एक अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. घरी आरओ बसवला तर बहुतेक धातू अडतात, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात ते जास्त दाट होतात. ते पाणी परसातल्या मेथीला घालू नका, गाईम्हशींपुढेही ठेवू नका.