धार हाताने की मशीनवर? सुरी, विळी, कोयता आणि विडीची कात्री

पातं कापेनासं झालं की आधी उजेडात धरून बघा. काठावर नुसती चकाकणारी रेघ दिसत असेल तर धार बोथट झाली आहे, त्याला हातदगड पुरतो. खाच पडली असेल, टोक मोडलं असेल किंवा वर्षानुवर्षं घासून काठामागचं पातं जाड झालं असेल, तर आकारच बिघडलाय. मशीन कामाची आहे ती इथे. मिलिमीटरभर खोल खाच हाताने काढायची म्हणजे तासभर घासत बसावं लागतं. ग्राइंडरवर, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या दगडावर, पाच मिनिटं. पण रोजच्या सुरीची धार दर महिन्याला ग्राइंडरवर लावली तर पातं बघता बघता अर्धं होतं.

मशीनचा खरा धोका उष्णतेचा. सहा इंची बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण 2800 फेरे घेतो, म्हणजे दगडाचा काठ सेकंदाला 20 मीटरहून जास्त वेगाने पळतो. ठिणग्या दिसतात, पण ताप बसतो तो काठाला, कारण तिथे पोलाद सगळ्यात पातळ. साध्या पोलादावर 220 अंशांच्या आसपास पिवळसर छटा येते, 300 च्या आसपास निळी. विळी किंवा कोयत्याची धार निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग कितीही घासा, दोन दिवसांत परत बोथट. निळा भाग सावकाश घासून काढणं एवढाच उपाय उरतो. टोक आधी निळं पडतं, तिथे जास्त थांबूच नका.

म्हणून ग्राइंडरवर पातं एका जागी न थांबवता एका दमात सरकवायचं आणि प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवायचं. हातमोजे घालू नका: पात्याला हात भाजायला लागला की थांबायची खूण मिळते, शिवाय मोजा दगडात ओढला जातो. चष्मा मात्र हवाच. टेकणी (पातं टेकवायची पट्टी) आणि दगड यांत 3 मिमीपेक्षा जास्त फट नको. दगड धारेकडून पाठीकडे नव्हे, तर पाठीकडून धारेकडे फिरत निघून जाईल असं पातं धरा. उलटं धरलं तर धार दगडात रुतून सुरी हातातून उडते. ग्राइंडर फक्त आकार आणण्यापुरता. शेवटची धार हातदगडावरच.

दारावर सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याचा दगड पायडलवर फिरतो, त्यामुळे तापायचा धोका बराच कमी. त्याला एवढंच सांगा, "मामा, पाणी मारत लावा, अन् टोकाला जास्त धरू नका." सुरी आत ओढायची छोटी विजेची मशीन घेऊ नका. तिचा कोन ठरलेला असतो आणि मुठीजवळची धार तिच्यात पोचत नाही. काही महिन्यांत तिथे बाक पडतो.

आता हातदगड. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुहेरी कार्बोरंडम दगड, एक बाजू भरड, एक बारीक, घरासाठी पुरेसा. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, पाण्यात ठेवा आणि ओल्या फडक्यावर मांडा म्हणजे सरकत नाही. दगडाला एकदा तेल लावलंत तर पुढेही तेलच. तेलकट छिद्रांत पाणी शिरत नाही.

कोनासाठी सोपं माप आहे. पात्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी पाठ दगडापासून वर उचला, साधारण 20 अंश येतात. साडेचार सेंटिमीटर रुंद सुरीला दीड सेंटिमीटर. कोयत्याला निम्मी उंची, म्हणजे 30 अंश. तो उसाच्या टणक बुंध्यावर पडतो, त्याला बारीक धार टिकत नाही.

एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला अख्ख्या धारेवर बारीक खरखर लागेपर्यंत. कारखान्यात हिला बर म्हणतात. बोट धारेच्या लांबीवरून नाही, पाठीकडून धारेकडे न्यायचं. बर आली नसेल तर दगड अजून धारेपर्यंत पोचलाच नाही. बहुतेकांची धार इथेच फसते. मग बाजू बदला, पुन्हा बर आणा, दगड उलटा करून बारीक बाजूवर हलक्या हाताने तेच करा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून दहा-बारा वेळा ओढा. पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला गेला की झालं. विळीचं पातं पाटाला पक्कं असतं, तिथे दगडच पात्यावरून फिरवायचा, बोटं दगडाच्या कडेच्या आत ठेवून.

विडीची कात्री कधीही ग्राइंडरला लावू नका. पान मापात कापायला ठेवलेल्या पत्र्याच्या साच्याला घासून आणि ओल्या तेंदूपानांनी गंजून तिची धार जाते, पण पातं लहान असल्याने क्षणात तापतं. घासायचा तो फक्त बाहेरचा तिरपा काठ, आहे त्याच कोनात, बारीक दगडावर. आतली सपाट बाजू घासली तर दोन पात्यांमध्ये फट पडते आणि पान कापलं न जाता दुमडतं. आत आलेली बर कात्री सावकाश मिटताना निघून जाते. रिवेट सैल असेल तर आधी तो हातोडीने हळू ठोकून घ्या. नंतर पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब रिवेटवर. शेंगदाण्याचं तेल हळूहळू चिकट होऊन कात्री जड चालते.